कोल्हापुरात डिश कशी बसवावी: आधी आकाश बघा, मग भिंत

कोल्हापूरकरांना किरणोत्सव समजावून सांगायला नको. मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांपर्यंत पोचायची तर वाटेत एखादी पाण्याची टाकीही आडवी येऊन चालत नाही. छत्रीचं, म्हणजे टीव्हीच्या डिशचं, नेमकं तसंच आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्याच वेगानं फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसल्यासारखा असतो. जमिनीवरच्या केंद्रातून वर गेलेलं प्रसारण तो देशभर खाली सोडतो. आपली छत्री ते गोळा करून एलएनबीवर, म्हणजे तिच्यासमोर दांड्यावर बसवलेल्या छोट्या डबीवर टाकते, तिथून ते वायरीनं टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सात येतं.

गगनबावडा, राधानगरीकडच्या सुट्या वस्त्यांवर केबल पोचत नाही, तिथं हाच मार्ग. शिवाय डिसेंबर २००४ पासून चालू असलेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं बिल नाही. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच. घरात सह्याद्री आणि बातम्याच बघायच्या असतील तर मी तीच घ्या म्हणेन.

आता जागा. निम्मं काम इथंच होतं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला, होकायंत्रावर १२९ अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून ६० अंश उंच येतो. दुसऱ्या कंपनीचा उपग्रह दुसरीकडे असतो, तेव्हा तिचे आकडे विचारून घ्या. वाटेत झाड असेल तर ते भर पावसाळ्यात कसं दिसेल याचा विचार करा. माझ्या मामांकडे भुदरगडात जानेवारीत छत्री लावली, तेव्हा समोरचा शेवगा पार बोडका होता. आषाढात तो फुटला, पानं भिजली आणि चित्र गेलं. बिचारी मामी महिनाभर बॉक्सच बिघडला असं समजत होती.

एक खात्रीची परीक्षा सांगतो. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. त्या वेळी ठरवलेल्या जागेवर लख्ख ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं ते सूर्यामुळेच, तेव्हा डिशला हात लावू नका.)

खांब ओळंब्यात उभा करा. तो कलला की डिशच्या मागच्या पट्टीवरचे उंचीच्या अंशांचे आकडे खोटे ठरतात. डिश बघायला साठ अंश वर तोंड केलेली वाटणार नाही, बरीच उभी दिसेल. तिचा आकारच तसा असतो, म्हणून नजरेवर जाऊ नका, पट्टीवर जा. वायर जोडताना बॉक्स बंद ठेवा, कारण एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते. मधल्या तांब्याच्या तारेला बाहेरच्या जाळीचा एक केसही चिकटता कामा नये.

मग एकानं टीव्हीसमोर बसायचं, दुसऱ्यानं गच्चीवर. डिश केसभर फिरवा, चार-पाच सेकंद थांबा, पुन्हा केसभर. इथं एक अंश हलली की तिकडे उपग्रहापाशी सहाशे किलोमीटरहून जास्त फरक पडतो. टीव्हीवर सिग्नलचे दोन आकडे दिसतात, स्ट्रेंथ (जोर) आणि क्वालिटी (शुद्धता). स्ट्रेंथ वाढली म्हणून खूश होऊ नका, ती शेजारच्या उपग्रहाचीही असू शकते, क्वालिटी बघा. ती सर्वांत वर गेली की एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून अजून वाढते का तेही बघा. उन्हाळ्यात मिळालेली ही जास्तीची क्वालिटीच पावसात कामी येते. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, धो-धो पाऊस त्यांना शोषतो. अशा वेळी चित्र गेलं तर सर ओसरेपर्यंत थांबा, गच्चीवर चढू नका.

वायर खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. शेवटी सगळे नट आलटून पालटून आवळा, क्वालिटी परत एकदा बघा, आणि खांब व पकड यांच्यावरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा. वाऱ्यानं किंवा माकडांनी छत्री फिरवली तर ती रेघ जुळवली की दिशा परत मिळते.