मोझेलच्या खोऱ्यात फॅमिली ट्रिप: आजी-आजोबा, पोरं आणि द्राक्षमळे सगळं जमवायचं कसं

युरोप म्हटलं की आपल्या लोकांची यादी ठरलेली असते, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, आणि वाइन रीजन असं नुसतं म्हटलं तरी घरातले अर्धे लोक म्हणतात की आम्ही पीत नाही तर तिथं जाऊन करू काय. माझं म्हणणं एकदम उलट आहे, तीन पिढ्या बरोबर असतील तर जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यासारखी जागा शोधून सापडणार नाही, कारण इथं वाइन हा फक्त एक भाग आहे, बाकी नदी आहे, किल्ले आहेत, बोटी आहेत, रेल्वे आहे, सपाट सायकल ट्रॅक आहे, आणि एका ठिकाणी मुक्काम ठेवून हे सगळं करता येतं. फक्त रोज बॅग भरून पुढचं हॉटेल गाठायची सवय बाजूला ठेवायची, बस.

आधी भूगोल समजून घ्या म्हणजे प्लॅन आपोआप सुचतो. मोझेल फ्रान्सच्या व्होज पर्वतात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत येते आणि कोब्लेन्झला ऱ्हाइन नदीला मिळते, एकूण लांबी ५४४ किलोमीटर. आपल्याला बघायचाय तो ट्रिअर ते कोब्लेन्झ हा तुकडा. ट्रेननं हे अंतर साधारण दीड तासाचं आहे, पण नदी इतकी वळणं घेत जाते की तिच्या काठाकाठानं गेलात तर जवळपास दुप्पट पडतं. त्या प्रत्येक वळणाच्या उन्हाच्या बाजूला, अगदी उभ्या कड्यावर, द्राक्षाचे वेल लावलेत. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा मळा तर ६५ अंशांच्या आसपास चढाचा आहे, युरोपातल्या सगळ्यात उभ्या मळ्यांमध्ये त्याचं नाव घेतात, खाली उभं राहून वर बघितलं की पहिला प्रश्न हाच पडतो की इथं माणूस काम करतो कसा.

कधी जायचं? मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते ईस्टर बऱ्याच बोटी, चेअरलिफ्ट, किल्ले बंद असतात, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य, कारण तेव्हा द्राक्षाची तोडणी चालू असते आणि गावागावात नुसती लगबग असते. पण भारतातून शाळेच्या सुट्टीत येणारे असाल तर मे महिनाही मस्त, वेलांना नवी पालवी असते आणि गर्दी कमी. सप्टेंबरच्या पहिल्या वीकएंडला बर्नकास्टेल-कूसला या भागातला मोठा वाइन फेस्ट असतो, तेव्हा यायचं असेल तर रूम फार आधी बुक करा आणि लहान बाळ बरोबर असेल तर तो वीकएंड टाळाच.

भारतातून येताना सरळ मुंबई-फ्रँकफर्ट डायरेक्ट फ्लाइट बघा. सगळ्यात जास्त दिवस जर्मनीत काढणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्जही जर्मनीकडेच करायचा, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून ट्रेननं कोब्लेन्झला जायचं, आणि इथं एक गोष्ट नक्की करा, माइन्झ, बिंगेन, बोपार्डवरून ऱ्हाइनच्या काठानं जाणारी गाडी धरा, पंधरा-वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील, आणि गाडीच्या दिशेनं उजवीकडच्या खिडकीत बसा, म्हणजे नदी आणि वरचे किल्ले तुमच्या बाजूला येतात. कोब्लेन्झला गाडी बदलली की जागा बदला, आता डावीकडे बसायचं, कारण आता मोझेल डावीकडून येते. आई-बाबांना पहिल्याच दिवशी जेट लॅगमध्ये काही दाखवायची गरज नाही, हा खिडकीतला प्रवासच त्या दिवसाचं साइटसीइंग.

मुक्काम कुठं ठेवायचा हा खरा महत्त्वाचा निर्णय. इंटरनेटवर फोटो बघून सगळे बर्नकास्टेलच्या प्रेमात पडतात, गाव सुंदर आहेच, लाकडी चौकटीची जुनी घरं, १४१६ सालचं ते वर रुंद खाली अरुंद असलेलं चिमुकलं घर, सगळं आहे, पण तिथं रेल्वे स्टेशन नाही, विटलिश स्टेशनवरून बस घ्यावी लागते. गाडी भाड्यानं घेणार नसाल तर कोखेम किंवा ट्राबेन-ट्रारबाखला राहा, दोन्हीकडे ट्रेन येते. कोखेममध्ये गर्दी जास्त पण सोयी जास्त, ट्राबेन-ट्रारबाख शांत आहे, बुलायवरून छोटी लोकल ट्रेन वीसेक मिनिटांत पोचवते. हॉटेलऐवजी किचनवाली फेरियेनवोनुंग घ्या, म्हणजे सुट्टीचा फ्लॅट, बरेचदा वाइन बनवणाऱ्या कुटुंबाच्याच घरात वरच्या मजल्यावर असतो. सकाळी पोहे, रात्री वरणभात स्वतःचा करता आला की ज्येष्ठ मंडळी खूश असतात आणि पैसेही वाचतात. फक्त किराणा शनिवारीच भरून ठेवायचा, रविवारी दुकानं बंद.

रोजच्या फिरण्यासाठी ऱ्हाइनलँड-फाल्झ तिकीट नावाचं एक दिवसाचं ग्रुप तिकीट मिळतं, ५ माणसांपर्यंत एकत्र काढता येतं आणि लोकल ट्रेन-बस सगळीकडे चालतं, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. एरवीही सकाळी ९ च्या आत सगळं कुटुंब आंघोळ करून बाहेर पडलंय असं होत नाही, त्यामुळं काही बिघडत नाही. जिथं राहणार तिथं पाहुण्यांसाठी फ्री बस-पास आहे का हेही बुकिंग करतानाच विचारा.

आता काय काय बघायचं. कोखेमवरून बाइलश्टाइनला बोटीनं जा, तासाभराचा प्रवास आहे, आणि यात पोरांना सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, मध्ये फांकेलला नदीवर धरण आणि लॉक आहे. बोट एका अरुंद काँक्रीटच्या चौकात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरायला लागतं आणि बोट हळूहळू वर येते, शेवाळलेली ओली भिंत हाताच्या अंतरावरून खाली सरकताना दिसते, मग पुढचं दार उघडतं आणि आपण वरच्या पातळीवरच्या नदीत. मोझेलवर ही अशी लॉक्स ओळीनं आहेत, त्याशिवाय मोठ्या मालवाहू बोटी इथून जाऊच शकल्या नसत्या. बाइलश्टाइन गाव एवढंसं आहे, दोन गल्ल्या, एक चर्च आणि वर पडका किल्ला, पण गुडघे दुखणाऱ्यांनी वर चढायचा हट्ट करू नये, खाली नदीकाठी बसून केक-कॉफी घ्यावी.

कोखेमचा किल्ला लांबून परीकथेतला वाटतो. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्यानं तो उडवला होता, आत्ता दिसतो तो १९ व्या शतकात बर्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्यानं परत बांधलेला आहे. त्याच्यापेक्षा मला बर्ग एल्ट्झ जास्त महत्त्वाचा वाटतो, एकच किल्ला बघायचा असेल तर हाच बघा. साडेआठशे वर्षांहून जास्त काळ एकाच घराण्याकडे आहे आणि कधीच उद्ध्वस्त झाला नाही, जर्मनीच्या जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर याचंच चित्र होतं. मोझेलकेर्न स्टेशनवरून ओढ्याच्या काठानं जंगलातून तासभर-सव्वा तास चालत जायचं, शेवटच्या वळणावर झाडी संपते आणि दरीच्या मधोमध किल्ला एकदम समोर उभा राहतो. दहा-बारा वर्षांची मुलं हे आरामात चालतात. चालणं जमत नसेल तर कारनं वरच्या पार्किंगपर्यंत जा, तिथून शटल बस असते. आत गाइडेड टूरनंच जाता येतं, फोटो काढू देत नाहीत, आणि नोव्हेंबर ते मार्च बंद.

धाडसी पोरांसाठी गायरलाय झुलता पूल आहे, ३६० मीटर लांब, दरीपासून १०० मीटर उंच, २०१५ मध्ये खुला झाला आणि एंट्री फ्री आहे. म्योर्सडॉर्फ गावात गाडी लावून दोनेक किलोमीटर शेतातून चालावं लागतं. वारा असला की पूल चांगलाच हलतो, ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना ओढून नेऊ नका, काठावरून बघण्यातही मजा आहे.

सायकल चालवणाऱ्या मंडळींना दोन पर्याय. एक म्हणजे नदीकाठचा ट्रॅक, पूर्ण सपाट, हवं तिथं थांबा आणि दमलात तर पुढच्या स्टेशनवरून ट्रेननं परत या. दुसरा म्हणजे डाउन नावाच्या गावापासून बर्नकास्टेलपर्यंतचा ५८ किलोमीटरचा मारे-मोझेल ट्रॅक, जुनी रेल्वेलाइन काढून बनवलाय, त्यामुळं बोगदे आणि जुने रेल्वे पूल यांवरूनच सायकल जाते, आणि सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर उतारच उतार. सायकली वर न्यायला सीझनमध्ये खास ट्रेलरवाली बस असते, तिची जागा आधी बुक करायची.

एक पूर्ण दिवस ट्रिअरला द्या. पोर्टा निग्रा हा रोमन काळातला दगडी दरवाजा साधारण इसवी सन १७० चा आहे आणि त्याच्या आतून वरच्या मजल्यांवर जाता येतं. रोमन स्नानगृहांखालचे बोळ पोरांना लपंडाव खेळायला सोडल्यासारखे आहेत. कार्ल मार्क्सचा जन्म १८१८ मध्ये याच गावात झाला, त्याचं घर आता म्युझियम आहे.

आता द्राक्षांकडे येऊ. माझे बाबा तासगावचे, आयुष्यभर द्राक्षबाग केलेली, त्यांना इथं आणलं तेव्हा ते किल्ल्यांपेक्षा वेलच जास्त बघत होते. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या, इथं हिवाळ्यात एकच, कारण थंडीत वेल पूर्ण झोपतो. आपल्याकडे मांडव, तर इथल्या जुन्या मळ्यात प्रत्येक वेलाला स्वतंत्र एक लाकडी खांब, आणि त्याच्या दोन काड्या वाकवून खाली बांधतात, त्यामुळं पानं नसताना तो वेल हृदयाच्या आकाराचा दिसतो. जमिनीवर माती कमी आणि काळ्या-निळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे जास्त, तोच दगड ज्याच्या पाट्यांवर आपली आजी-आजोबांची पिढी लिहायला शिकली. दिवसभर ऊन खाऊन हा दगड रात्री ऊब सोडतो, खालून नदीचं पाणी ऊन परत फेकतं, म्हणून एवढ्या उत्तरेच्या थंडीतही रीसलिंग द्राक्ष पिकतं. बाबांनी संध्याकाळी तो दगड उचलून हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, इतका गरम होता. एवढ्या चढावर ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून माणूस आणि माल वर न्यायला एकाच रुळावर चालणारी दातेरी गाडी असते, ती चालताना दिसली तर पोरांना नक्की दाखवा. मळ्यातल्या पायवाटांवर फिरायला हरकत नसते, पण द्राक्ष तोडून खायचं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे हे आपल्या शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको.

टेस्टिंगसाठी मोठ्या नावांच्या मागं लागू नका. घराच्या दारावर झाडू, फुलांचा गुच्छ किंवा पानांची माळ लटकवलेली दिसली तर समजायचं की तिथं श्ट्राउसविर्टशाफ्ट चालू आहे, म्हणजे शेतकरी स्वतःच्या अंगणात स्वतःची वाइन आणि साधं जेवण देतो. याला वर्षातून ४ महिनेच परवानगी असते आणि जास्तीत जास्त ४० जणांची जागा, त्यामुळं घरगुती वातावरण असतं, पोरं अंगणात खेळतात, कुणी डोळे वटारत नाही. मुलांना आणि न पिणाऱ्यांना ट्राउबेनझाफ्ट मागवा, बरेचदा त्याच मळ्यातल्या द्राक्षांचा रस असतो, आणि तोही वाइनच्या ग्लासमध्येच द्या म्हणावं, पोरांची कॉलर ताठ होते. वाइन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, बाटलीवर ट्रोकेन असेल तर कोरडी, फाइनहर्ब असेल तर किंचित गोड, आणि पहिल्यांदाच पिणार असाल तर गोडसर काबिनेट, म्हणजे हलक्या वाइनचा प्रकार, मागा, त्यात अल्कोहोल ८-९ टक्केच असतं. गाडी चालवणाऱ्यानं मात्र रसावरच राहायचं, यात तडजोड नको.

शाकाहारी मंडळींसाठी खास. फ्लामकुखेन, म्हणजे पातळ पोळीवर क्रीम आणि कांदा, सगळीकडे मिळतं पण त्यावर डुकराचे तुकडे असतात, म्हणून 'ओने श्पेक' असं ठणकावून सांगायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्येही बहुतेक वेळा ते असतंच आणि अंडंही, विचारल्याशिवाय घेऊ नका. बटाट्याचे थालीपिठासारखे तळलेले रायबेकुखेन सफरचंदाच्या चटणीबरोबर छान लागतात, त्यात अंडं चालतं का तेवढं घरातल्यांना विचारा. रेस्टॉरंटच्या दारावर 'रूहेटाग' लिहिलेला वार म्हणजे त्या दिवशी बंद, छोट्या गावात सोमवार-मंगळवारी असं हमखास होतं. आणि थोडी कॅश जवळ ठेवाच.

एखादी संध्याकाळ प्युंडेरिशजवळच्या प्रिन्झेनकोप्फ टॉवरसाठी राखून ठेवा. वर चढलं की नदी एका अंगाला येताना दिसते, आणि मान वळवली की तीच नदी दुसऱ्या अंगानं जाताना, मध्ये फक्त एक चिंचोळी टेकडी. खाली आलात की गावातल्या जुन्या घरांच्या भिंतीही बघा, पुराच्या रेषा कोरलेल्या असतात आणि शेजारी साल लिहिलेलं असतं, १९९३ ची खूण दिसली तर मुलाला तिच्याखाली उभं करा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्याला लगेच कळेल.

परत जाताना भारतात माणशी २ लिटरपर्यंतच दारू ड्यूटी-फ्री नेता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या सुखानं बसतात. चेक-इन बॅगेत, कपड्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. न पिणाऱ्या नातेवाइकांसाठी इथल्या मळ्यातल्या लाल पीचचा जॅम घ्या, कोखेमच्या बाजारात मिळतो, फक्त तोही चेक-इनमध्येच टाका, हॅंडबॅगेत सिक्युरिटीवाले काढून ठेवतात.