एसएसडी वाढवली? मग विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट असं टाका
लॅपटॉपमधली 256 जीबीची एसएसडी काढून 1 टीबीची बसवली, जुनीचं क्लोन केलं (म्हणजे त्यातलं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं), विंडोज नीट चालू झालं, की सगळे पहिलं काय करतात तर सी ड्राइव्ह ताणून पूर्ण डिस्कभर करतात. तेवढं करू नका. क्लोननंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीखाली अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी, म्हणून जी जागा दिसते ना, तीच लिनक्स मिंटला (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) हवीये. एकदा सी वाढवला की परत श्रिंक (लहान) करताना विंडोजच्या न हलणाऱ्या फाइल्स आड येतात आणि पाहिजे तेवढी जागा सुटतच नाही, माझी एक अख्खी रात्र यात गेलीये.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि जुन्या मशीनवर 11 चढत नाही, म्हणून मला वाटतं आत्ताच मिंट शेजारी टाकून सवय करून घ्यावी.

आधी तयारी. जुनी एसएसडी पुसू नका, महिनाभर तरी तशीच कपाटात ठेवा, तोच तुमचा बॅकअप. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि मगच ते बंद करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप पण बंद करा, कारण ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज अर्धं झोपलेलंच असतं आणि मग लिनक्समधून सी वर काही लिहिता येत नाही.

8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, रुफस नावाच्या विंडोज प्रोग्रामने त्यावर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टाका, बूट मेन्यूमधून चालू करा (डेल, लेनोवोला बहुतेक एफ12, एचपीला एफ9). लगेच इन्स्टॉल नको, आधी तसंच चालवून वायफाय, आवाज, टचपॅड बघून घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजचा मोड इंटेल आरएसटीवर असेल, तो बदलून एएचसीआय करावा लागतो, पण त्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून ठेवा नाहीतर विंडोज उठणार नाही.

आता मुख्य पायरी, इथे घाई करू नका. "इरेज डिस्क" ला हात लावायचा नाही, "समथिंग एल्स" निवडा. मोकळ्या जागेत 100 जीबीचं एक्स्ट4 (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन करा, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्या. विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशन आधीपासून असतं, साधारण 100 एमबीचं, तेच वापरायचं आणि त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण चुकूनही नको, कारण विंडोजचा बूटलोडर (विंडोज चालू करणारा प्रोग्राम) तिथेच राहतो. स्वॅपचं (रॅम कमी पडली तर वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही, मिंट फाइल बनवून घेतं. उरलेली जागा नंतर एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) करून डेटाला ठेवा, दोन्हीकडून उघडते.

रीस्टार्टनंतर ग्रबचा मेन्यू (मिंट की विंडोज हे विचारणारा) न येता थेट विंडोजच आलं तर बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये उबुंटू नावाची एंट्री वर घ्या, मिंट त्याच नावाने दिसतं.

आणि विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर मशीन बिघडलं असं समजू नका, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलने सेट-लोकल-आरटीसी 1 (timedatectl set-local-rtc 1) केलं, आणि विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक केली, की दोन्हीकडे सारखी वेळ दिसते.