वृद्धांचे विस्मरण: या चुका टाळा

वृद्धांच्या विस्मरणाची तक्रार करणारे नातेवाईक बहुधा असे धरून चालतात की, सांगितलेले डोक्यात शिरले होते आणि नंतर पुसले गेले. पुष्कळदा ते मुळात शिरलेलेच नसते. वयाबरोबर माहिती टिपण्याचा वेग मंदावतो आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे जड जाते. तेव्हा टीव्ही चालू असताना, दुसऱ्या खोलीतून, पायात चपला सरकवत दिलेला निरोप ‘विसरला’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

एका गृहस्थांची स्मरणचाचणी माझ्यासमोर झाली. पाच शब्द ऐकवून ते लगेच म्हणायला लावायचे आणि काही मिनिटांनी पुन्हा विचारायचे, अशी ती पद्धत. ‘दार’ आणि ‘माती’ यांऐवजी त्यांनी दोन्ही वेळा ‘तार’ आणि ‘पाती’ सांगितले. जे ऐकले ते त्यांनी चोख लक्षात ठेवले होते! कानातले यंत्र शिट्टी वाजवते म्हणून खिशात होते, हे मुलाला ठाऊक होते. तरीही त्याने स्मृतिवर्धक गोळ्या आधीच आणून ठेवल्या होत्या. अशा उतावीळ मंडळींना कान तपासण्यापेक्षा गोळी सोपी वाटते.

माझी सवय अशी: आधी नावाने हाक मारायची, नजर वळेपर्यंत थांबायचे, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ‘कळले ना?’ असे विचारू नये, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात; ‘काय करायचे ठरले?’ असे विचारावे.

‘ओळखा पाहू मी कोण?’ ही परीक्षा कृपया बंद करा.

शब्दकोडी सोडवून मुख्यतः शब्दकोडीच चांगली सुटू लागतात. आवडत असतील तर जरूर सोडवावीत, पण औषध म्हणून गळ्यात मारू नयेत.

औषधांची पिशवी मात्र कोणी उघडून पाहत नाही. सर्दीसाठीचे क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी घेतले जाणारे डायफेनहायड्रामिन, लघवीच्या घाईवरचे ऑक्सिब्युटिनिन ही औषधे स्मृतीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाचे काम अडवतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास स्मृतीला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. यांपैकी काहीही मनाने थांबवू नये. सगळी पाकिटे, दुकानातून चिठ्ठीविना आणलेलीसुद्धा, डॉक्टरांपुढे मांडावीत आणि बी-१२ व थायरॉईडच्या तपासणीबद्दल विचारावे.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल आणि सकाळ-संध्याकाळ कमीजास्त होत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून वाट पाहू नये. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा नवे औषध असू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.