सून परदेशी, भाडेकरू परदेशी: गोव्यात व्हिसाची कागदपत्रं कशी जमवावीत

मोरजी-मांद्र्यापासून काणकोणच्या पाळोळ्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या जवळजवळ प्रत्येक गावात कुणाच्या ना कुणाच्या मागच्या दोन खोल्यांत परदेशी माणूस राहतोच. कुणाचा तो सीझनभराचा भाडेकरू, कुणाची सून, कुणाचा जावई. पासपोर्ट त्याचा, व्हिसा त्याचा, मग धावपळही त्यानेच करावी, असा आपला समज असतो. अर्ज भरायला बसलं की कळतं, निम्मे कागद यजमानाच्या कपाटातले लागतात: घरपट्टीची पावती, वीजबिल, भाडेकरार, आधार, लग्नाचा दाखला. अर्ज अडतो तोही बहुधा याच निम्म्यात. म्हणून हे मार्गदर्शन त्या परदेशी माणसापेक्षा त्याला घरात ठेवून घेणाऱ्यांसाठी.

व्हिसा आधी नीट वाचा

पासपोर्टवरचा व्हिसा किंवा ई-व्हिसाचा कागद हातात घ्या आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधा. एक, व्हिसा कधीपर्यंत वैध आहे. दोन, एका खेपेला सलग किती दिवस राहता येतं. पाच वर्षांचा पर्यटक व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम, असं समजणारे पुष्कळ भेटतात. एक किंवा पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर बहुतेक देशांच्या नागरिकांना एका वेळी 90 दिवसच राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना 180 दिवस. व्हिसा अजून चार वर्षं वैध असला तरी एक्क्याण्णवाव्या दिवशी माणूस मुदतबाह्यच ठरतो. मोजणी दाबोळी किंवा मोपा विमानतळावर बसलेल्या शिक्क्याच्या तारखेपासून होते, आणि दिल्ली-मुंबईला उतरून पुढे गोव्यात आला असेल तर तिथल्या शिक्क्यापासून.

महत्त्वाची गोष्ट ही की ई-टुरिस्ट व्हिसा साधारणपणे वाढवून मिळत नाही. आजारपण किंवा विमान रद्द होणं अशी खरी अडचण असेल तरच विचार होतो, आणि तोही कागद दाखवून. ‘मला गोवा आवडला’ हे कारण कुणीही ऐकून घेत नाही. वाढवायचा व्हिसा म्हणजे मुख्यतः एंट्री, विद्यार्थी, नोकरी, संशोधन, वैद्यकीय. यांपैकी कुठलाही व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर भारतात पाऊल ठेवल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे (एफआरआरओ) नोंदणी करावी लागते. व्हिसावरच नोंदणीतून सूट दिल्याचा शेरा असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. पर्यटक व्हिसावर योग शिकायला येणं चालतं, पण पैसे घेऊन योग शिकवणं चालत नाही. टॅटू काढणं, शॅकवर गाणी वाजवणं, किनाऱ्यावर रेस्टॉरंट चालवणं यांपैकी काहीच चालत नाही. असा माणूस तुमच्याकडे राहत असेल तर मुदतवाढीचा विचार सोडा, तुमच्या जागेचाच विचार करा.

चोवीस तासांच्या आत: फॉर्म सी

परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची. नियम फक्त हॉटेलांना आहे, हा गैरसमज गावोगावी आहे. गेस्ट हाऊस, होम-स्टे, भाड्याची खोली, सगळ्यांना तो लागू आहे. 1 सप्टेंबर 2025पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025 लागू झाला आणि 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार जुने कायदे त्यात गुंडाळले गेले. नव्या नियमांत फॉर्मांची नावं बदलली, लोकांच्या तोंडी मात्र ‘सी फॉर्म’ हेच नाव आहे. काम तेच.

आधी घरमालकाने सरकारच्या सी फॉर्मच्या पोर्टलवर आपलं खातं उघडायचं: नाव, ओळखपत्र, जागेचा पत्ता. त्याला मंजुरी मिळायला वेळ जातो, म्हणून हे पावसाळ्यातच उरकून घ्यावं. ऑक्टोबरात चार्टर विमानं उतरायला लागली की मंजुरीची वाट बघत बसायला वेळ नसतो. खातं चालू झालं की प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात कधी आणि कुठे उतरला, कुठून आला, पुढे कुठे जाणार, हे भरून फोटो जोडायचा. फी नाही. भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढून पाहुण्याला द्या आणि एक आपल्याकडे ठेवा. व्हिसा वाढवताना राहण्याचा पहिला पुरावा म्हणून हाच कागद मागतात.

पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी ही वेगळी गोष्ट. ती केली म्हणून सी फॉर्म टळत नाही. पाहुण्यांना भाड्याने खोल्या द्यायच्या तर 1982च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणीही लागते.

पत्ता: सगळ्यात जास्त अडतं ते इथे

परदेशी माणसाचे स्वतःचे कागद सहसा चोख असतात. आपल्या घराचे नसतात. गोव्यात घरपट्टी पणजोबांच्या नावावर, वीजबिल आजोबांच्या नावावर, आणि घरात राहतात तीन भाऊ, ज्यांच्यात वाटणी झालेली नाही, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कधी तरी करू म्हणून दोन पिढ्या निघून गेलेल्या असतात. रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण अर्ज तपासणाऱ्याला दिसतं ते एवढंच: भाडेकरारावर एकाची सही, वीजबिलावर दुसऱ्याचं नाव, आणि दोघांचा संबंध सांगणारा कागदच नाही.

अशा वेळी चार कागद एकत्र जोडा. नोटरी केलेला भाडेकरार, त्याच घराचं ताजं वीजबिल, पंचायतीची घरपट्टीची पावती, आणि करार करणाऱ्याचं साध्या भाषेतलं एक पत्र: घर कुणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती माझी कोण, ती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडला आहे, घराचा ताबा माझ्याकडे आहे. इतर भावांची हरकत नसल्याचं पत्रही असेल तर उत्तम. पाहुणा नात्यातला असेल आणि भाडं घेत नसाल, तर भाडेकराराऐवजी तो आपल्याकडे राहतो असं यजमानाचं पत्र आणि ओळखपत्र द्या. खोटा करार करून ठेवू नका. चौकशीला माणूस आला की शेजारची म्हातारी दोन मिनिटांत खरं काय ते सांगून मोकळी होते.

आता स्पेलिंग. वीजबिलावर गाव हरमल, आधारावर आरंबोल. एकावर घर क्रमांक 214/ए, दुसऱ्यावर नुसता 214. एकात वाड्याचं नाव आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तालुका पेडणे रोमन लिपीत दोन तऱ्हांनी. आपल्याला हे सगळं एकच घर आहे हे ठाऊक असतं, पण पणजीत बसून फाइल बघणाऱ्याला ती दोन घरं वाटू शकतात. म्हणून एक पत्ता ठरवा, शक्यतो वीजबिलावरचाच, आणि सी फॉर्म, भाडेकरार, यजमानाचं पत्र आणि अर्ज या चारही ठिकाणी तो अक्षराअक्षराने तसाच लिहा. करार टाइप करणाऱ्याला पत्ता तोंडी सांगू नका, बिल समोर ठेवा. पाहुण्याच्या नावाचंही तेच: पासपोर्टच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींत जसं आहे तसं. रशियन, युक्रेनियन नावांत एक अक्षर इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

अर्ज

मुदतवाढ, नोंदणी, व्हिसाचं रूपांतर, पत्ता बदलणं, नव्या पासपोर्टवर व्हिसा नेणं, देशाबाहेर जायचा परवाना, या सगळ्याला 2018पासून ई-एफआरआरओ हे एकच ऑनलाइन दार आहे. रांगेत उभं राहावं लागत नाही. कार्यालयाने बोलावलं तरच जायचं.

खातं परदेशी माणसाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि त्याच्याकडेच असणाऱ्या मोबाइल क्रमांकावर उघडा. हे मुद्दाम सांगतोय, कारण एजंटाकडे काम दिलं की तो स्वतःचा क्रमांक आणि ईमेल टाकतो. पुढे कार्यालयाने एखादा कागद मागितला की निरोप एजंटाकडे जातो, एजंट सीझनमध्ये गडबडीत, आणि वेळेत उत्तर न गेल्याने अर्ज बंद होतो. एजंट वाईटच असतात असं नाही. अर्ज भरून देण्यापुरती त्यांची मदत घ्या, पण पासवर्ड आणि मूळ पासपोर्ट दोन्ही हातात ठेवा.

मग आपल्याला हवी ती सेवा निवडायची, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि कागद चढवायचे. फाइलचा आकार किती चालतो ते पडद्यावर लिहिलेलं असतं. मोबाइलने तिरका काढलेला फोटो चढवू नका, म्हापशाच्या किंवा मडगावच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या. पासपोर्टची फोटोची बाजू, व्हिसाचं पान आणि शेवटचा प्रवेश-शिक्का ही तिन्ही पानं द्या. शिक्क्याचं पान लोक हमखास विसरतात. सोबत मुदतवाढ का हवी याचं छोटं पत्र. फी देशागणिक आणि व्हिसागणिक बदलते. मंजुरी ईमेलने येते. तिची प्रिंट पासपोर्टमध्ये ठेवायची.

कधी करायचा अर्ज? मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी कागद तयार हवेत. मध्ये गणेशचतुर्थी किंवा नाताळ येत असेल तर आणखी आधी, कारण त्या दिवसांत नोटरी भेटेल, पंचायतीचा सेक्रेटरी भेटेल, याची खात्री धरू नये. अर्ज चालू असताना परदेशाचं तिकीट काढू नका.

सून किंवा जावई असेल तर

भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर येऊन इथे लग्न झालं तर त्याचं रूपांतर मागता येतं. लग्नाचा दाखला, जोडीदाराचा भारतीय पासपोर्ट किंवा ओळखपत्र, एकत्र राहत असल्याचा पुरावा, जोडीदाराचं हमीपत्र, एवढं तरी लागतंच. स्थानिक पोलीस घरी येऊन चौकशीही करतात. त्या दिवशी दोघं घरी असावीत.

गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांत नोंदतं. पहिली सही म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोंद. नोटिशीची मुदत उलटल्यावर दुसरी सही, आणि लग्न नोंदलं जातं ते तेव्हा. देवळातलं लग्न, हॉलमधलं जेवण आणि पहिली सही एवढ्यावर थांबलेली जोडपी आहेत, आणि त्यांना हे कळतं ते व्हिसाच्या अर्जावर. परदेशी जोडीदाराला आपण अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या दूतावासाकडून आणावा लागतो. लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, करून घ्या. नंतर इथून ते करवणं फार जिकिरीचं जातं.

नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. कार्ड मिळालं की मुदतवाढीची वारी संपते. शेतजमीन घेता येत नाही आणि मतदान करता येत नाही, पण राहायला, कामाला बंधनं फार उरत नाहीत. तोवर मात्र व्हिसाची तारीख एक दिवसानेही चुकू देऊ नका, आणि यामागे दंडापेक्षा मोठं कारण आहे. 3 डिसेंबर 2004 किंवा त्यानंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायला आई-वडिलांपैकी एक भारतीय असणं पुरत नाही. दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. मुदत संपलेल्या व्हिसावर राहणारा त्याच व्याख्येत बसतो. बाळंतपणाच्या धांदलीत सुनेचा व्हिसा संपला, तर ते प्रकरण बाळाच्या नागरिकत्वापर्यंत जाऊ शकतं.

आपलाच माणूस, पोर्तुगीज पासपोर्ट

गोव्यात ‘परदेशी’ म्हणजे पुष्कळदा आपला चुलतभाऊच असतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व राहत नाही, त्यामुळे तो स्वतःच्या घरी येतो तेही व्हिसा घेऊन. त्याचा मार्ग ओसीआयचाच. त्यासाठी पूर्वी भारतीय पासपोर्टचं सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो परत केल्याचा दाखला, लागायचा आणि अनेकांचं तिथेच अडायचं, कारण पासपोर्ट सरेंडर होण्याऐवजी रद्द झालेला असायचा. 2024 साली केंद्राने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशातल्या अशा लोकांसाठी रिव्होकेशन ऑर्डर, म्हणजे पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश, हीही चालेल असं ठरवलं. तो कागद जपून ठेवायला सांगा, आणि जुना भारतीय पासपोर्ट कुठल्याही कारणाने वापरू नये. मतदारयादीतलं नावही त्याने स्वतःहून काढून घ्यावं.

मुदत उलटून गेलीच तर

गप्प बसून सीझन काढणं हा सगळ्यात वाईट उपाय. विमानतळावर अडवतातच. नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पुढे भारतात प्रवेश बंद होण्याची शक्यता असते. त्याच ई-एफआरआरओ पोर्टलवर देशाबाहेर जाण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, उशिराचं खरं कारण लिहायचं, हॉस्पिटलचे कागद असतील तर जोडायचे आणि पैसे भरायचे. विमानाचं तिकीट परवाना हातात आल्यावर काढायचं, किंवा निदान तारीख बदलता येईल असं काढायचं.

पासपोर्ट हरवला असेल तर क्रम असा: आधी पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची प्रत, मग त्या देशाचा दूतावास किंवा वकिलात, तिथून तात्पुरता प्रवासाचा कागद, आणि त्यानंतर परवान्याचा अर्ज. पोर्तुगालची वकिलात पणजीतच आहे. रशियन पाहुण्याला मात्र मुंबईची गाठावी लागते. तिथे निघण्यापूर्वी हरवलेल्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स शोधून त्याच्या हातात द्या. सी फॉर्मची प्रिंट जपून ठेवली असेल तर दोन्हींचे क्रमांक त्यावर मिळतील.