बर्फात मजा करायचीय? आधी मोजे बघा
अमेरिकेतल्या बफेलो शहरात शिकायला आलेल्यांनो, इथे थंडीपेक्षा जास्त छळतो तो रस्त्यातला बर्फाचा चिखल. ईरी सरोवर गोठेपर्यंत त्यावरून येणारा गार वारा बाष्प उचलतो आणि शहरावर बर्फ ओततो. मग रस्त्यावर मीठ पडतं, बर्फ वितळतो आणि सगळा राडा होतो. सुती मोजे एकदा भिजले की दिवसभर पाय गारठलेलेच. लोकरीचे घाला, एक कोरडी जोडी सॅकमध्ये ठेवा. खोलीवर आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. सकाळपर्यंत बूट बरेच वाळतात. हीटरला मात्र चिकटवून ठेवू नका, तळ सुटतो. पाय कोरडे असले की टेकडीवरून घसरायला खुशाल जा. परतल्यावर आलं ठेचून घातलेला चहा हवाच!