स्मरण उपासनेसाठी आजीचं जीवनवृत्त कसं लिहावं

दफनाच्या दिवशी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, वाचायला अर्धं पान पुरतं. खरं जीवनवृत्त दफनानंतर काही दिवसांनी तिच्या आठवणीत होणाऱ्या स्मरण उपासनेसाठी लिहायचं. मधले दिवस विशेषणं शोधण्यात घालवू नका. ‘प्रेमळ, मायाळू, प्रार्थनाशील’ हे शब्द सोलापुरातल्या कुठल्याही मंडळीतल्या कुठल्याही आजीला लागू पडतात. ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटली पाहिजे, आणि ते तारखा, नाती आणि तिच्या सवयी यांनीच साधतं.

आधी तारखा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर सावध व्हा. पूर्वी मूल शाळेत घालताना मास्तर बहुधा अंदाजाने हीच तारीख टाकत. लहानपणीच बाप्तिस्मा झाला असेल तर मंडळीच्या वहीतली नोंद जास्त भरवशाची. मोठेपणी झाला असेल तर तिथलं वयही सांगोवांगीचंच. वही बघायची तर पाळकांना आधी फोन करा आणि अंदाजे साल, माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव लिहून न्या. सासरच्या नावाने शोधत बसलात तर नोंद सापडणार नाही. जुन्या नोंदी इंग्रजीत असल्या तर गाव ‘शोलापूर’ असतं, आणि आडनावाचं स्पेलिंग पानागणिक बदलतं.

आणखी एक हमखास होणारी चूक. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 रोजी स्थापन झाली. त्याआधीच्या नोंदी अमेरिकन मराठी मिशनच्या, पुढे युनायटेड चर्चच्या नावाने असू शकतात. ‘1955 साली सीएनआय मंडळीत बाप्तिस्मा’ असं वाचलं गेलं की मागच्या बाकांवरचे जुने सभासद एकमेकांकडे बघतात. दाखल्यावर जे नाव असेल तेच लिहा.

मग तिचं बायबल काढा. पहिली कोरी पानं आणि शेवटची पानं नीट बघा. मुलांचे जन्म, लग्नं, कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी अशा नोंदी बायका तिथे करून ठेवत. पेन्सिल पुसट झाली असेल तर पान खिडकीजवळ आडव्या उजेडात धरून फोटो काढा, फ्लॅश मारू नका. कुठल्या वचनाखाली रेघ आहे, समासात तारीख आहे का, पानांत कुठली चिठ्ठी किंवा पावती अडकलीय, हे टिपून घ्या. चिठ्ठ्या मात्र हलवण्याआधी जागेवरच फोटो घ्या. ती कुठल्या अध्यायात होती, यावरच अर्धा अर्थ ठरतो. उपासनेतला शास्त्रपाठ याच रेघांतून निवडा.

नंतर माणसं. मुलांआधी तिच्या बहिणी-भावंडांना आणि महिला मंडळातल्या जुन्या मैत्रिणींना गाठा. मुलांना आई ठाऊक असते, लग्नाआधीची मुलगी ठाऊक नसते. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. सकाळी दहाच्या आत बसलं तर पंखा बंद ठेवता येतो, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घरघरच ऐकू येते. फोन एरोप्लेन मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. ‘त्या कशा होत्या?’ असं विचारलं की उत्तर ‘फार चांगल्या’ एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: रविवारी घरातून किती वाजता निघायच्या, कुठल्या बाकावर बसायच्या, नाताळच्या करंज्या कुणाकुणाकडे जायच्या, भांडण झालं की पहिलं कोण बोलायचं, कुठलं गीत चुकीच्या चालीत म्हणायच्या.

कुटुंबाच्या परिच्छेदात वाद होतात, म्हणून नावांची यादी आधी कागदावर फिरवा. सुना-जावई, तिच्या आधी गेलेलं मूल, दुसऱ्या धर्मातले नातलग, यांतलं एकही नाव गाळू नका. सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड नावं येतात. उच्चार त्या-त्या घरातून ऐकून घ्या आणि वाचणाऱ्याकडून म्हणवून घ्या. आजोबांच्या पिढीच्या धर्मांतराची हकीकत घरच्या मोठ्यांची परवानगी असेल तरच लिहा. आजाराचे तपशील एका ओळीत आटपा. शेवटच्या वर्षाने सत्तर वर्षं झाकली जातात.

मजकूर साडेपाचशे शब्दांच्या आत ठेवा. शांतपणे वाचला तर पाच मिनिटं लागतात. वाचणारी व्यक्ती सख्खी असेल तर दुसरी प्रत शेजारच्याकडे द्या. आवाज दाटला तर त्याने पुढची ओळ उचलावी, हे आधीच ठरवा.

छपाईसाठी ए-4 मधोमध दुमडून चार पानं होतात. अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको, कारण वाचणाऱ्यांत निम्मे चष्मेवाले असतात. जुना फोटो मोबाईलवरून फॉरवर्ड करू नका, त्यात फोटोतले बारकावे जातात. मूळ फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्या. डीटीपीवाल्याकडे जुने फॉन्ट असले तर युनिकोड मजकूर तिथे उघडताना रफार सरकतो आणि जोडाक्षरं तुटतात. ‘ख्रिस्त’, ‘बाप्तिस्मा’ आणि सगळी आडनावं हीच आधी तपासा, आणि तेही स्क्रीनवर नको, कागदी प्रुफावर. प्रुफ घरातल्या दोघांनी वेगवेगळं वाचावं: एकाने फक्त तारखा आणि नावं, दुसऱ्याने मजकूर. छापून झालं की दोन प्रती मंडळीच्या कार्यालयात द्या, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत तिच्या सर्वांत धाकट्या भावंडाकडे.