नगर पंचायतीचा निर्णय पटला नाही तर हरकत कशी घ्यायची

आमचं गाव ग्रामपंचायतीचं नगर पंचायत झालं तेव्हा फटाके फुटले, पण ग्रामसभा गेली हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आधी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरले कोणीही उभं राहून सरपंचाले तोंडावर विचारायचं, नाली काहून तुंबली, बोअरचं काय झालं. आता 17 नगरसेवक, त्यांची सभा, अन् फाईल मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर. राळेगाव, मारेगाव, समुद्रपूर, कुही, पोंभुर्णा, सगळीकडं हेच झालं. लोकं अजूनही पानठेल्यावर बोलतात अन् समजतात आपलं म्हणणं पोचलं. नाही पोचत राजेहो. मुदतीत दिलेला कागदच लागतो.

मी हे नुकसान करून शिकलो. गावाचा विकास आराखडा आला, म्हणजे गावात कुठं रस्ता अन् कुठं मोकळी जागा राहीन हे ठरवणारा नकाशा, त्यात आमच्या लेआऊटमधून रस्ता दाखवला, बरोबर माझ्या घरामागच्या विहिरीवरून. नगरसेवकाले सांगितलं, ते म्हणले पाहू ना भाऊ, मी निर्धास्त झालो, वरून सोयाबीन काढायचे दिवस. नोटीस ऑफिसच्या भिंतीवर लागलेली होती, तिच्यावर पाणीपट्टीचा कागद चिकटवलेला, खालची तारीख तेवढी दिसत होती. मी पोचलो तेव्हा मुदत संपून 6 दिवस झाले होते. शेजारच्या काकूनं मात्र नातवाकडून एक पानाचा अर्ज लिहून दिला होता, सुनावणीचं बोलावणं तिले आलं, मले नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे नोटीस शोधणं. विकास आराखड्याचा मसुदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 खाली निघतो, राजपत्रात अन् पेपरात जाहीर होतो, अन् हरकतीले 30 दिवस असतात. घरटॅक्सच्या नव्या आकारणीची नोटीस आली तर तिच्यातच हरकतीची शेवटची तारीख असते, रक्कम पाहण्याआधी ती पाहा. नोटिशीचा फोटो तारखेसकट काढून गल्लीच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाका, अन् ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांच्या घरी जाऊन सांगा, बहुतेक तेच म्हातारे लोकं प्लॉटचे मालक असतात.

मग नकाशा. नुसता रंग पाहून घाबरू नका अन् खुशही होऊ नका, आपला सर्व्हे नंबर किंवा गट नंबर सातबारावरून, नाहीतर आखीव पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्ड) घ्या अन् नकाशावर बोट ठेवून शोधा. लेआऊटची ओपन स्पेस म्हणून जी जागा प्लॉट घेताना दाखवली होती ती नकाशात मोकळीच आहे का हेही पाहून घ्या, मंजूर लेआऊटचा नकाशा सोबत न्या.

अर्ज साधा लिहा. एका पानात एकच मुद्दा. असा: "प्रति, मुख्याधिकारी. विषय: प्रारूप विकास आराखड्यावर हरकत. गट नंबर अमुकमधून दाखवलेल्या रस्त्यात माझी पिण्याच्या पाण्याची विहीर जाते. उत्तरेकडं पांदण आहे, रस्ता तिकडून घ्यावा. मला सुनावणीची संधी द्यावी." खाली नाव, पत्ता, फोन, सही, अन् सातबाऱ्याची झेरॉक्स जोडा. गावाचं वाटोळं चाललं वगैरे लिहू नका, दुसरा रस्ता कुठून निघतो ते लिहा, त्याच्यावर विचार होतो. शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा ज्याचं घर जाते त्यानं आपापला वेगळा अर्ज द्यावा असं माझं मत आहे, कारण सुनावणीले बोलावणं अर्जदाराच्या नावानं येते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक नंबर, तारीख अन् सही घ्या. बाबू म्हणला ठेवून जा, उद्या शिक्का मारतो, तर तिथंच बाकड्यावर बसा. घेतच नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा अन् पावती जपा. पोच हातात नसली तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

ठराव आधीच होऊन गेला असला, समजा आठवडी बाजार गावाबाहेर हलवायचा, तर आधी ठरावाची प्रत काढा. माहिती अधिकाराच्या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच अन् 150 शब्दांच्या आत, उत्तराले 30 दिवस. तेवढी वाट पाहायची नसली तर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात फाईल पाहायले जा, 2018 च्या सरकारी परिपत्रकानं नागरिकांसाठी ही वेळ ठेवलेली आहे, बऱ्याच जणांले माहीतच नाही.

ठराव नियमाबाहेरचा किंवा लोकांले त्रासाचा वाटला तर जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करा, 1965 च्या नगरपरिषद, नगरपंचायत अधिनियमाच्या कलम 308 खाली ते ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मांडायचं असलं तर अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागते, अन् तालुक्याच्या लोकशाही दिनात आधी मांडलं होतं का हे तिथं विचारतात, म्हणून सुरुवात तालुक्यापासूनच करा. जाताना बाजाराच्या दिवशीचे फोटो न्या, भाजीवाल्या बाया भर उन्हात कुठं बसतात ते साहेबांले कागदावरून कळत नाही, फोटोत दिसते.